बाईची नाडी, बाप्याचा तक्ता

नवरा-बायको दोघं पहाटे एकाच ॲपवर हृदयाची मोजणी करतात. दोघांच्याही पडद्यावर एचआरव्हीचा, म्हणजे ठोक्यांमधल्या अंतराच्या चढ-उताराचा, आकडा 45. त्याची नाडी मिनिटाला 60, तिची 75. जिममध्ये गेल्यावर ट्रेनर दोघांचे मोबाईल बघतो आणि सांगतो, "दादा एकदम फिट. वहिनी, तुमचा दम कमी पडतोय, वजन हलकं ठेवू." आज लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगर, कुठल्याही जिममध्ये हा संवाद घडू शकतो. त्यात ट्रेनरचं वाईट काही नाही, पण निष्कर्ष चुकलाय: बाईची नाडी त्याने बाप्याच्या तक्त्यावर तोलली.

हिशोब करून बघा. नाडी 60 म्हणजे दोन ठोक्यांमध्ये सरासरी 1000 मिलिसेकंदांचं अंतर. नाडी 75 म्हणजे 800. ॲपवरचा 45 हा आकडा बहुतेक वेळा आरएमएसएसडी असतो, म्हणजे लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती मिलिसेकंदांनी कमी-जास्त होतं त्याचं माप. 1000 मध्ये 45 म्हणजे साडेचार टक्के. 800 मध्ये 45 म्हणजे साडेपाच टक्क्यांहून थोडं जास्तच. ठोक्यांचं अंतर कमी असूनही तिचं हृदय त्याच्यापेक्षा जास्त लवचिक चाललंय. हलकं वजन घ्यायचं कारण या आकड्यांत कुठेच नाही.

हृदयाच्या आत एक छोटी गाठ आहे, तिला सायनस नोड म्हणतात. ठोका तिथून सुटतो. हृदयाकडे येणाऱ्या सगळ्या नसांचा प्रभाव औषधाने बंद केला, तर तरुण माणसात ही गाठ एकटीच मिनिटाला 100 च्या आसपास चालते. मग बसल्या जागी आपली नाडी 65-70 का? कारण व्हेगस नस सतत कासरा ओढून धरते. ही आपोआप चालणाऱ्या नसांची शांत करणारी, परानुकंपी बाजू. वेग वाढवणारी अनुकंपी बाजू म्हणजे चाबूक. कासरा ढिला सोडला की परिणाम पुढच्याच ठोक्यात दिसतो. चाबकाचा परिणाम चढायला काही सेकंद लागतात आणि उतरायला त्याहून जास्त. म्हणून लागोपाठच्या ठोक्यांमधला झटपट फरक हा बहुतांशी कासऱ्याचा हिशोब असतो, चाबकाचा नव्हे. व्हेगस नस हृदयावर रसायनातून काम करते हे ओटो ल्योवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. 1936 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच होता.

आता बाईचं वेगळेपण. तिचं हृदय सरासरीने लहान, एका ठोक्यात बाहेर पडणारं रक्त कमी. तेवढंच रक्त फिरवायला ठोके जास्त लागतात, म्हणून बसल्या जागची नाडी पुरुषापेक्षा साधारण 3 ते 5 ने जास्त असते. मोठमोठ्या गटांच्या आकड्यांतून एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट दिसते: स्त्रियांची नाडी जास्त, ठोक्यांमधली एकूण चढ-उतार थोडी कमी, पण त्या चढ-उतारातला श्वासाच्या लयीबरोबर चालणारा, म्हणजे व्हेगसचा हिस्सा मात्र पुरुषांपेक्षा जास्त. पुरुषात चाबूक जास्त चालतो आणि त्याच्या रक्तवाहिन्या त्या चाबकाला जास्त आवळून दाद देतात. पाळी सुरू असलेल्या तरुण स्त्रीत इस्ट्रोजेनमुळे वाहिन्या सैल ठेवणारी यंत्रणा जोरात असते, त्यामुळे तोच चाबूक ओढला तरी रक्तदाब तितका उसळत नाही. पाळी गेल्यावर ही सवलत संपते. याचं मराठवाड्यात एक वेगळंच प्रकरण आहे, त्याकडे शेवटी येतो.

आधी एक स्क्वॅट, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन मारलेली बैठक, जवळून बघू, कारण सगळा खेळ तिथे आहे.

बार खांद्यावर. खाली जाण्याआधी पोटात हवा भरून घसा बंद केला, पोट टणक केलं. छातीतला दाब वाढला आणि पहिल्या दीड-दोन सेकंदांत रक्तदाब वर उडाला, कारण छातीतल्या मोठ्या वाहिन्याच बाहेरून दाबल्या गेल्या. मग उलटं होतं. छातीत दाब असल्याने हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, एका ठोक्यातलं रक्त घटतं, दाब घसरू लागतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब मोजणाऱ्या जागा हे लगेच ओळखतात, कासरा सुटतो, चाबूक लागतो, नाडी चढते. वर आल्यावर श्वास सोडला की क्षणभर दाब आणखी खाली जातो. त्यानंतर अडलेलं रक्त एकदम हृदयात येतं, वाहिन्या अजून आवळलेल्याच असतात, दाब मूळ पातळीच्याही वर उसळतो आणि व्हेगस कासरा खेचून नाडी खाली आणते. या चार पायऱ्यांना अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून वल्साल्वा म्हणतात. गंमत म्हणजे तो बिचारा कानाचा अभ्यास करत होता.

हे एका रेपचं, म्हणजे एकदा खाली जाऊन वर येण्याचं. दहा रेप्सच्या सेटमध्ये या पायऱ्या एकमेकांत मिसळतात आणि प्रत्येक रेपला पाया थोडा वर सरकतो. 1985 साली धमनीत नळी घालून थेट मोजलं, तेव्हा लेग प्रेसमध्ये, म्हणजे दोन्ही पायांनी वजन ढकलताना, 5 अनुभवी शरीरसौष्ठवपटूंचा सरासरी उच्चांक 320/250 निघाला. एकाचा 480/350 च्याही वर गेला. म्हणून 180/110 च्या वर रक्तदाब असलेल्या माणसाने, पुरुष असो वा बाई, आधी दाब ताब्यात आणल्याशिवाय वजनाला हात लावू नये. यात तडजोड नाही.

श्वास पूर्ण सोडून उचलणं हाही उपाय नाही. जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या 80 टक्क्यांच्या पुढे, किंवा सेट शेवटच्या दमापर्यंत ओढला, तर श्वास आपोआप अडतोच. मोंढ्यात पोतं पाठीवर घेणारा हमाल आणि दोन हंडे घेऊन चढ चढणारी बाई दोघंही तेच करतात, कोणी शिकवलेलं नसतं. शिकवायचं एवढंच: श्वास भरा, खाली जा, वर येताना जिथे सर्वात जड जातं तो टप्पा ओलांडला की दातांतून फुस्स करत हवा सोडा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त घसा बंद नको. आणि बार मानेवर असताना मान वर करून छताकडे बघू नका.

इथे बाई आणि बाप्यात फरक पडतो. सारख्या टक्केवारीच्या वजनावर, म्हणजे दोघंही आपापल्या कमाल वजनाच्या 70 टक्क्यांवर असताना, तिच्या स्नायूत निर्माण होणारा प्रत्यक्ष जोर कमी असतो. स्नायूतल्या वाहिन्या कमी चेपतात, रक्त थोडं फिरत राहतं, टाकाऊ रसायनं कमी साचतात. स्नायू मेंदूला 'इथे गुदमरतंय' असा निरोप पाठवतो तो निरोपही सौम्य जातो, म्हणून चाबूक कमी लागतो आणि दाब कमी चढतो. सारख्या टक्केवारीला ती बहुधा जास्त रेप्स मारते आणि पुढच्या सेटला लवकर तयार होते. पुरुषाला जिथे 2 ते 3 मिनिटांचा विसावा लागतो, तिथे तिला मधल्या वजनांवर 60 ते 90 सेकंद पुरू शकतात. 'वहिनींना हलकं द्या' म्हणणाऱ्याने हे एकदा तपासून पाहावं.

तिची कमजोर बाजू दुसरीकडे आहे. रक्ताचं एकूण प्रमाण कमी, हृदय लहान, वाहिन्या सैल. त्यामुळे सेट संपल्यावर पायात रक्त साचलं की दाब पटकन पडतो. डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) किंवा लेग प्रेस संपवून झटकन उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, हे स्त्रियांत जास्त दिसतं. यात दमाचा काही संबंध नाही, पायात रक्त अडकलेलं असतं. उपाय साधा आहे. बार ठेवला की जागेवरच पाय हलवत राहा, टाचा 15-20 वेळा उचला. लेग प्रेसवरून उठण्याआधी 20 सेकंद पोटऱ्या आवळा-सोडा. तरी भोवळ आलीच तर उभं राहून 'काही नाही, काही नाही' म्हणू नका, तिथेच खाली बसा. बाकीच्यांनी पाणी मारण्याआधी तिला आडवं करून पाय खुर्चीवर ठेवावेत.

सेशन संपल्यावर व्हेगस लगेच परत येत नाही. जड सेशननंतर अर्धा तास, कधी त्याहून जास्त, कासरा ढिलाच राहतो. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा लवकर घट्ट होतो का, याची उत्तरं अभ्यासांत एकसारखी नाहीत. कारणही समजण्यासारखं आहे: कोणी दोघांना सारखं वजन दिलं, कोणी सारखी टक्केवारी, आणि बाईच्या पाळीचा दिवस कितवा हे बऱ्याच ठिकाणी नोंदलेलंच नसतं. ज्यावर एकमत आहे ते कामाचं आहे: सेट जितका शेवटच्या दमापर्यंत ओढाल तितका व्हेगस जास्त वेळ गायब राहतो. तेच एकूण 40 रेप्स 10-10 च्या चार थकवणाऱ्या सेटऐवजी 5-5 च्या आठ सेटमध्ये, मध्ये थोडा थोडा विसावा घेऊन केले, तर काम तेवढंच होतं आणि हृदयाच्या नसांवरचा ताण घटतो. नवशिक्यांनी आणि चाळिशीपुढच्यांनी प्रत्येक सेटमध्ये 2 रेप्स शिल्लक ठेवाव्यात.

महिनोन्‌महिने वजन मारलं तर बसल्या जागची एचआरव्ही वाढते का? तरुण, निरोगी माणसात नुसत्या वजनांनी फारशी नाही. धावणं, सायकल, पोहणं यांनी वाढते. म्हणून तीन महिने जिम करून आकडा हलला नाही तर फुकट गेलं असं समजू नका. ताकद, हाडं आणि साखर यांवर वजनांचा परिणाम वेगळ्या खात्यात जमा होतो. ज्यांचा कासरा आधीच सैल झालाय त्यांच्यात मात्र चित्र बदलतं. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखण्याच्या विकाराच्या स्त्रियांनी 16 आठवडे, आठवड्याला दोन दिवस वजनाचे व्यायाम केले तेव्हा त्यांच्यात व्हेगसचा हिस्सा वाढलेला दिसला.

घड्याळातले 'फॅट बर्न झोन' वजन मारताना बघूच नका. वजन उचलताना नाडी चढते ती दाबामुळे आणि श्वास अडल्यामुळे, तेवढा प्राणवायू खर्च झालेला नसतो. कॅलरीचा आकडाही तसाच फुगलेला.

मोजायचंच असेल तर नीट मोजा. सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं, पुन्हा आडवं व्हायचं किंवा पाठ टेकून बसायचं, पण रोज एकच स्थिती. पहिली 2 मिनिटं नुसतं पडून राहायचं, मग 3 ते 5 मिनिटं रेकॉर्डिंग. श्वास मुद्दाम लांबवायचा नाही. हळू श्वासाने आकडा वाढतो आणि माणूस स्वतःलाच फसवतो. चहा नंतर. तंबाखूही नंतर, आणि मिश्रीसुद्धा. आपल्याकडे बाप्याच्या पुडीबद्दल सगळे बोलतात, पण सकाळी हिरड्यांना मिश्री लावणाऱ्या बाईच्या पोटातही निकोटिनच जातं हे विसरतात. निकोटिन म्हणजे चाबूक. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 2 तास लागतात. मिश्री लावून मोजलेली नाडी ही मिश्रीची नाडी.

मनगटी घड्याळ झोपेत ठीक चालतं, बार आवळून धरला की गडबडतं. त्यात मनगटावर बांगड्या असतील तर घड्याळ वर-खाली सरकतं. आणि गोंदण! घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडून रक्ताचा प्रवाह वाचतं, आणि गोंदणाची गडद शाई तो उजेड गिळते. हातभर गोंदलेल्या बाईचं घड्याळ 'नाडी सापडत नाही' म्हणतं तेव्हा दोष तिच्या हृदयाचा नसतो. घड्याळ दुसऱ्या हातावर, गोंदण नसलेल्या जागी, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर बांधा. छातीचा पट्टा सर्वात भरवशाचा. त्याच्या रबरी पट्ट्या पाण्याने ओल्या करा, बायकांनी तो ब्राच्या इलॅस्टिकच्या खाली, अंगाला चिकटून बसेल असा लावा. दोन कपड्यांच्या मध्ये अडकला की आकडे उड्या मारतात. एखादा जास्तीचा ठोका मध्ये आला तरी आरएमएसएसडी दुपटीवर जाऊ शकतो. म्हणून 'आज 95 आला!' असा आनंद करण्याआधी उद्याचा आकडा बघा.

एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवू नका, 7 दिवसांची सरासरी धरा. पुरुषाला आजचा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून चालतं. बाईला नाही. पाळीच्या उत्तरार्धात, म्हणजे अंडं सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंत, शरीराचं तापमान 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर असतं, नाडी 2 ते 4 ने चढलेली आणि एचआरव्ही थोडी उतरलेली असते. ॲप याला 'थकवा' म्हणतं आणि ट्रेनर वजन उतरवतो. असं दर महिन्याला आठवडाभर झालं तर वर्षातले जवळपास तीन महिने ती विनाकारण हलकं मारते. तिचा हा आठवडा मागच्या पाळीतल्या याच आठवड्याशी ताडा. त्यासाठी निदान दोन पाळ्यांची वही हवी.

उत्तरार्धातला आठवडा आणि मराठवाड्याचा एप्रिल-मे एकत्र आले की वेगळी काळजी घ्या. बाहेर 42-43 अंश आणि वर पत्र्याचं शेड. पाळीच्या उत्तरार्धात तिला घाम यायला सुरुवातच जरा जास्त तापमानाला होते, आणि थंड व्हायला रक्त कातडीकडे वळल्याने हृदयाला रक्त आणखी कमी पडतं. नाडी 10-15 ने जास्त दिसली तर तो उन्हाचा हिशोब. सकाळी 6 ला व्यायाम, दोन तास आधी अर्धा लिटर पाणी. आधी आणि नंतर वजनकाट्यावर उभं राहा: 1 किलो घटलं म्हणजे 1 लिटर पाणी गेलं, पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर भरून काढा, त्यात ताक-मीठ किंवा लिंबू-मीठ-साखर असू द्या. उपवासाच्या दिवशी पायांचे जड व्यायाम नकोत.

प्री-वर्कआउटचा, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या कॅफिनच्या पावडरीचा, डबा हा आणखी एक बाप्याचा तक्ता. एका चमच्यात 300 मिलिग्रॅम कॅफिन असेल तर 80 किलोच्या पुरुषाला किलोमागे पावणेचार मिलिग्रॅम पडतं, 50 किलोच्या बाईला 6. ती गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर कॅफिन शरीरातून निघायला जवळपास दुप्पट वेळ लागतो. संध्याकाळी घेतलेला चमचा पहाटेपर्यंत जागा राहतो आणि सकाळचा आकडा खाली.

नसांच्या आधी रक्त तपासा, हे तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, त्याच वयाचे पुरुष 25 टक्के. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असलेल्या बाईची नाडी चढलेली असते कारण हृदय पातळ रक्त जास्त वेळा फिरवतंय. यावर ना श्वासाचा व्यायाम चालतो ना सेट कमी करणं. लोह लागतं, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि थायरॉइडची तपासणी झाल्याशिवाय बाईच्या 90 च्या नाडीवर कोणी मत देऊ नये. नाडी मंद ठेवणारी बीटा-ब्लॉकर गोळी सुरू असेल तर नाडीचे सगळे तक्ते बाद.

आता मराठवाड्यातलं ते प्रकरण. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची राज्याच्या समितीने 2019 मध्ये चौकशी केली. 82 हजारांवर स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांवर स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली, त्यात तिशी-पस्तिशीच्याही कितीतरी. जिमसाठी यातला एक प्रश्न महत्त्वाचा: अंडाशय ठेवले की काढले? नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर पाळी थांबते, पण इस्ट्रोजेन सुरू राहतं. अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन काही दिवसांत कोसळतं, आणि त्याबरोबर व्हेगसचा हिस्साही घटतो. वय 35, पण हृदयाच्या नसा आणि रक्तवाहिन्या पाळी गेलेल्या बाईच्या. हाडंही लवकर झिजू लागतात, म्हणजे वजनाच्या व्यायामाची गरज हिलाच सर्वात जास्त. पण ती उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते, तिच्या ताकदीकडे बघून तिला कोणी सांभाळून घ्यावं असं कुणाच्या मनातही येत नाही. हिच्यासाठी सुरुवात रक्तदाब मोजून, कमाल वजनाच्या 50-60 टक्क्यांवर, 8-10 रेप्स, आठवड्याला दोन दिवस, श्वास मोकळा. दर दोन आठवड्यांनी थोडं वाढवायचं, सेटच्या आधी आणि संपल्यावर 2 मिनिटांनी दाब लिहून ठेवायचा.

अडचण अशी की हे विचारणार कोण? ट्रेनर बहुधा पोरगा, तालमीतून आलेला. 'ताई, पिशवी काढलीय का, अंडाशय ठेवलेत का' हे त्याच्या तोंडून निघणार नाही, आणि निघालं तरी ती उत्तर देणार नाही. म्हणून प्रवेशाच्या छापील अर्जातच चार चौकोन ठेवा: पाळी सुरू आहे / बंद आहे, पिशवी काढली / पिशवी आणि अंडाशय दोन्ही काढले / माहीत नाही, शेवटचं हिमोग्लोबिन किती आणि कधी, तंबाखू, मिश्री, गोळ्या. 'माहीत नाही' वर खूण आली तर डिस्चार्ज कार्ड आणायला सांगा. त्यावर काय काय काढलं ते इंग्रजीत लिहिलेलं असतं, आणि ते तिला कोणी वाचून दाखवलेलं असेलच असं नाही.